साथीला कोण बसणार? सांगली-साताऱ्याकडचे कार्यक्रम आणि एआय

पेटीवाला_सांगली | रविवार, रात्री १०:५०

गेली अठ्ठावीस वर्षं मी हार्मोनियमची साथ करतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी होती, ती आता संपली. सांगली, मिरज, तासगाव, विटा, पलूस, कधी कऱ्हाड-साताऱ्यापर्यंत जाऊन भजन, नाट्यसंगीत, भावगीतं, शाळांची स्नेहसंमेलनं असं सगळं वाजवलंय. नाव मोठं नाही, पण हातात कधी काम नाही असं झालं नव्हतं. यंदा झालं.

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांचा गाण्याचा एक कार्यक्रम दरवर्षी असतो. त्यात एक निवृत्त शिक्षिका नाट्यपद म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. आवाज अजून गोड आहे, दम मात्र कमी झालाय. दोन वर्षांपूर्वी त्या अंतऱ्याच्या तोंडाशी येऊन शब्द विसरल्या. मी पंचम धरून ठेवला, तबल्यावरच्या मित्राने ठेका हलका केला. बाई परत ध्रुवपदावर आल्या. मग पुन्हा अंतऱ्याकडे गेल्या, पुन्हा अडल्या, पुन्हा ध्रुवपद. तिसऱ्या खेपेला शब्द आठवला आणि त्यांनी तो असा उचलला की टाळ्या पडल्या. त्या मुद्दाम घोळवून गात आहेत असंच लोकांना वाटलं. खाली उतरल्यावर त्यांनी आम्हा दोघांचे हात हातात घेतले, बोलल्या काहीच नाहीत.

यंदा संयोजकांचा फोन आला, "काका, या वेळी साथीदार नकोत. एआयवर सगळ्यांचे ट्रॅक काढून घेतलेत, पट्टीसुद्धा ज्याच्या त्याच्या सोयीची करून मिळते." आम्हा तिघांचे मिळून साडेसात हजार आणि रिक्षाभाडं वाचलं. मी श्रोता म्हणून गेलो. बाईंचा ट्रॅक चांगला होता, ऑर्गनचा आवाज तर फारच सुरेख. पण सुरुवातीचं म्युझिक संपलं ते त्यांना कळलं नाही. त्या दीड ओळ उशिरा आल्या आणि ट्रॅक पुढे निघून गेला. त्या त्याला गाठायला गेल्या, दम लागला, मग माईक धरून नुसत्या उभ्या राहिल्या. दोन-अडीच मिनिटं ट्रॅक एकटाच वाजत होता. कुणीतरी बंद केला. बाई "सॉरी" म्हणून खाली आल्या.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून इथे लिहितोय. सांगली-साताऱ्याकडे वाजवणारे, गाणारे, कार्यक्रम करणारे बरेचजण या संस्थळावर आहेत. तुमच्याकडे काय चाललंय?

---

स्टुडिओ_कऱ्हाड | रविवार, रात्री ११:३५

काका, वाचून वाईट वाटलं. पण मी दुसऱ्या बाजूला बसलोय, तर खरं तेच सांगतो.

माझा छोटा स्टुडिओ आहे. मंडळांची गाणी, वाढदिवसाची गाणी, उमेदवारांची प्रचारगीतं यावर तो चालतो. पूर्वी एका गाण्याला गीतकार, ढोलकी, कीबोर्ड, गायक, मागे कोरसला चार पोरं लागायची. दोन दिवस जायचे आणि खर्च पंधरा हजारांच्या पुढे. आता पोरगा मोबाईलवर सुनो या गाणी बनवणाऱ्या एआय ॲपमध्ये चार ओळी टाकतो आणि चहा येईपर्यंत दोन गाणी तयार. गेल्या निवडणुकीत माझ्याकडे आलेली निम्मी गिऱ्हाईकं गाणं आधीच बनवून घेऊन आली. त्यांना फक्त त्यात उमेदवाराचं नाव नीट बसवून पाहिजे होतं, कारण मशीन मराठी आडनावं चमत्कारिक उच्चारतं.

मी स्वतःही वापरतो. नाही वापरलं तर भाडं निघत नाही. आणि लोकांना फरक कळतो या भ्रमात राहू नका. डीझर या फ्रेंच म्युझिक कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये आठ देशांतल्या ९,००० लोकांना गाणी ऐकवून विचारलं होतं, ९७ टक्क्यांना ओळखता आलं नाही. त्याच कंपनीकडे तेव्हा रोज ५०,००० च्या आसपास पूर्ण एआयची गाणी येत होती, म्हणजे येणाऱ्या एकूण गाण्यांचा साधारण तिसरा हिस्सा.

तुमच्या कार्यक्रमात चूक संयोजकांची झाली. ट्रॅक द्यायचा तर बाईंना आठवडाभर आधी द्यायला हवा होता.

---

ढोलकी_वाळवा | सोमवार, सकाळी ७:१५

स्टुडिओवाले दादा, ती कोरसची चार पोरं आन् ढोलकीवाला म्हंजी आमीच की.

आमचा तालुका पठ्ठे बापूरावांचा. रेठरे हरणाक्ष आमच्यापास्नं लांब न्हाई. माजा आजा तमाशाच्या फडावर ढोलकीला हुता, बाप बी. माज्या वक्ताला फड कमी झालं. मग लग्नाच्या वराती धरल्या, तितं डॉल्बी आली. मग ऑर्केस्ट्रात गेलो, तितं ऑक्टापॅड आला, एकच गडी ढोलकी, तबला, संबळ समदं काठीनं वाजवाय लागला. ऱ्हायलं हुतं ते स्टुडिओचं काम. इलेक्शन आलं की दोन-तीन म्हैने बरं जायाचं. पोराची फी त्यातनंच भरायचो. यंदा एकबी फोन न्हाई.

एक सांगतो. त्या एआयच्या गाण्यातली ढोलकी म्या कान दिऊन ऐकली. वाजतीया झ्याक. पर बाईनं पाय टाकला की ढोलकीनं बोल टाकायचा असतोय, तवा कुटं लावणी उभी ऱ्हाती. त्या ढोलकीला बाईच दिसत न्हाई.

---

जवारी_मिरज | सोमवार, दुपारी १:०५

आमच्या घरात पाच पिढ्या तंबोरे होतात, म्हणून या विषयाकडे जरा लांबून बघायची सवय झाली आहे. तुमच्यावर आज जे आलं ते आमच्या गल्लीवर माझ्या वडिलांच्या काळातच आलं. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, त्याची पेटी घरोघर गेली. पुढे तीही गेली आणि मोबाईलवर ॲप आलं. गाणं शिकणाऱ्या दहा पोरांपैकी नऊ पोरं आता फोनवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतात. मी त्यांना दोष देत नाही. वन बीएचकेमध्ये साडेचार फुटांचा तंबोरा ठेवायचा कुठे?

तरीही आमचं दुकान चालू आहे, आणि त्याचं कारण तुमच्या धाग्याशी जोडलेलं आहे असं मला वाटतं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, दांडीला तुणाचं लाकूड. दांडी, तबली, खुंट्या हे सगळं शिकून येतं, पण जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवणं, शिकवता येत नाही, ऐकून ऐकून कानात मुरावी लागते. घोडीचा माथा कानशीने कणाकणाने घासायचा. तार आणि घोडीच्या मध्ये दोरा सरकवत राहायचं. एका जागी तार उघडते आणि एका सुरातून अनेक सूर बोलायला लागतात. गवई समोर बसलेला असतो. तो "थोडी बंद करा" म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही, नुसता षड्ज लावतो. त्याच्या गळ्याला कुठली जवारी पाहिजे ते तेवढ्यावरून कळावं लागतं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तंबोरे स्वतः जुळवायचे, जवारीत त्यांचा हात होता, असं आमच्याकडे अजून सांगतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकनाने कान तयार होत नाहीत. कान तयार होतो गिऱ्हाईक समोर बसल्यावर.

---

शून्य_विलंब | सोमवार, रात्री ९:२०

मूळचा पलूसचा, सध्या पुण्यात ध्वनितंत्रज्ञानात काम करतो. वरच्या प्रतिसादांचा आदर ठेवून थोडी असहमती नोंदवतो.

पेटीवाले काकांनी सांगितलेल्या प्रसंगात दोष एआयचा नाहीच. तो ट्रॅक होता, म्हणजे एकदा तयार होऊन गोठलेली ध्वनिफीत. तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटनेही बाईंना तसंच सोडून दिलं असतं. गायकाच्या मागे चालणारं यंत्र ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कल्पना जुनी आहे. १९८४ साली रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वाजवणाऱ्याचं ऐकून त्याच्याबरोबर चालणारा संगणक दाखवला होता. वादक थांबला तर यंत्र थांबतं, चुकला तर त्याची जागा शोधतं.

अडचण विलंबाची असते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तबलजी तुमच्यापासून दोन मीटरवर असेल तर त्याची थाप तुम्हाला सहा मिलिसेकंदांनी ऐकू येते, ते जाणवत नाही. तीसच्या पुढे गेलं की लय ओढल्यासारखी वाटते. आवाज आत घ्यायचा, समजून घ्यायचा, उत्तर बाहेर काढायचं, हे सगळं यंत्राला तेवढ्यात करावं लागतं. साध्या गोष्टींसाठी ते आज जमतं. मोठी मॉडेल्स अजून जड आहेत, पण हलकी होत चालली आहेत.

जुळलेल्या चालीत हे सोपं, कारण यंत्राला पुढचं माहीत असतं. ख्यालात किंवा घोळवून गायलेल्या नाट्यपदात अवघड, कारण तिथे पुढचं गाणाऱ्यालाही माहीत नसतं. मी कुतूहल म्हणून एका प्रसिद्ध मॉडेलकडून विलंबित एकताल मागून पाहिला. बारा मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. त्याने आवाजाचा पोत हुबेहूब आणला, पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे याचा पत्ता शेवटपर्यंत नव्हता. मात्र "यंत्र कधीच थांबणार नाही, ऐकणार नाही" यावर आपण सगळी भिस्त ठेवली तर पाच-दहा वर्षांत आपला मुद्दाच निघून जाईल. मुद्दा दुसरा शोधायला हवा.

---

संगमावर | सोमवार, रात्री १०:१०

शून्य_विलंब यांना एक जोड. गळ्यातला सूर यंत्रात पकडायचा प्रयत्न आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी झालाय.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांवर, १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या या श्रुतींच्या अभ्यासाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि दोघांच्या प्रयत्नांतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती लोकांपुढे आली आणि तिच्यावर वाद झाला. पुढे मैफलीत ती रुळली नाही. साधी पेटी मात्र राहिली. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती, तरीही राहिली. म्हणजे सुराला अधिक अचूक असणारं वाद्य मागे पडलं आणि कमी अचूक वाद्य टिकलं. पेटीवाले, याचं कारण तुमच्यासारखी माणसं आहेत असं मला मनापासून वाटतं. पेटीत जे नाही ते वाजवणाऱ्याने ऐकून भरून काढलं.

---

औंधची_रात्र | मंगळवार, सकाळी ८:००

मी नुसती ऐकणारी. गाता येत नाही, वाजवता येत नाही. माहेर खटाव तालुक्यातलं, त्यामुळे औंधच्या संगीत महोत्सवाला लहानपणापासून जाते. अनंत मनोहर जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला, अजून चालू आहे. यमाईच्या डोंगराखाली, कोजागिरी नुकतीच झालेली असते, हवेत गारवा. रात्र चढते तसा तबला उतरतो, मग तबलजी हातोडी काढतो, गठ्ठे ठोकतो आणि गवई तेवढा वेळ तंबोऱ्याकडे तोंड करून शांत बसतो. आम्हीही बसतो. मला ती दोन मिनिटं फार आवडतात. पुढे काय होणार ते त्या वेळी मंडपात कुणालाच माहीत नसतं.

मिरजेला दर्ग्याच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे कलाकार हजेरी लावतात, तेही दोनदा ऐकलंय. तिथे मागे बसलेल्या तंबोऱ्यावरच्या शिष्याकडे मी नेहमी बघते. त्याला कुणी विचारत नाही, पण रात्रभर तो सगळं घेत असतो.

---

पेटीवाला_सांगली | मंगळवार, रात्री ११:१५

सगळं दोनदा वाचलं. शून्य_विलंब, तुमचं बरोबर आहे. मी रागाच्या भरात ट्रॅक आणि एआय एकत्र केलं. यंत्र उद्या थांबायलाही शिकेल हे मान्य करतो. मग मला नेमकं काय टोचतंय याचा विचार केला. औंधच्या ताईंनी तंबोऱ्यावरच्या शिष्याचा उल्लेख केला तिथे ते सापडलं.

मी साथ कुठे शिकलो? गुरुजींकडे राग शिकलो, बोटं शिकलो. साथ शिकलो ती बेसूर भजनी मंडळात. एकादशीला पहाटे तीनला, जिथे म्हणणारे पाच आणि पट्ट्या पाच. शाळेच्या स्वागतगीतात, जिथे चाळीस मुली चाळीस लयींत पळतात. वराच्या मामाने अचानक माईक हातात घेतल्यावर. त्या सगळ्यांनी मला चुकवलं, मी त्यांना सांभाळलं, आणि पंधरा वर्षांनी एका नावाजलेल्या गायकाच्या साथीला बसलो तेव्हा त्यांनी मध्येच मध्यमालाच षड्ज मानून मूर्च्छना केली तरी हात डगमगला नाही. त्या हातात सगळी भजनी मंडळं होती.

एआय औंधला येणार नाही, मिरजेच्या चिंचेखालीही नाही. तिथले रसिक ते होऊ देणार नाहीत. ते आलंय ते स्वागतगीतात, वाढदिवसाच्या गाण्यात, प्रचाराच्या ढोलकीत, ज्येष्ठांच्या कार्यक्रमात. म्हणजे आम्ही जिथे शिकलो आणि ज्या पाचशे-हजारावर शिकताना टिकलो, नेमकी तीच कामं जात आहेत. मोठे कार्यक्रम पंधरा वर्षं असेच दिमाखात चालतील, कारण आजचे चाळिशीचे साथीदार तोवर आहेत. त्यानंतर गवई मंचावर येतील आणि शेजारची जागा रिकामी असेल.

स्टुडिओवाले भाऊ, तुमच्यावर राग नाही. भाडं मलाही कळतं. पण त्या कोरसच्या चार पोरांपैकी एखादा पुढे गाणारा झाला असता, हे मला विसरता येत नाही.

---

सातारा_तीनताल | बुधवार, दुपारी ४:३०

मी एकोणीस वर्षांचा आहे, साताऱ्यात तबला शिकतो. काकांचं वाचून लिहायचं धाडस करतोय.

माझा सगळा रियाज ॲपवरच्या लेहऱ्यावर, म्हणजे तालात एकसारख्या फिरणाऱ्या धुनेवर, झालाय. लेहरा कधी दमत नाही, त्यामुळे माझी तयारी लवकर झाली हे खरं. रेला चांगला जातो. पण गेल्या महिन्यात पहिल्यांदा एका ताईंच्या गाण्याला बसलो, साधा दादरा होता, आणि दोनदा सम सुटली. त्या श्वास घ्यायला जरा थांबत होत्या आणि मी थांबत नव्हतो. सर म्हणाले, "तू लेहऱ्यासारखा वाजवतोयस." मला ते कौतुक वाटलं होतं, नंतर कळलं.

मला असे कार्यक्रम मिळतच नाहीत. कॉलेजच्या गॅदरिंगला ट्रॅक असतो. पैसे नकोत, नुसतं बसू दिलं तरी चालेल.

---

वकीलताई_सांगली | बुधवार, सायंकाळी ७:००

एक व्यावहारिक मुद्दा, कारण कार्यक्रम रेकॉर्ड होतात आणि ते रेकॉर्डिंग कुठे जातं हे कुणी विचारत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. साथीदारही कलाकारच, फक्त मुख्य गायक नव्हे. रेकॉर्डिंग करायचं तर संमती लागते. संयोजकांकडून एका कागदावर लिहून घ्या की चित्रफीत फक्त कार्यक्रमापुरती आहे, एआयला शिकवायला किंवा आवाजाची नक्कल काढायला ती देणार नाही.

आवाजाच्या नकलेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिलं. आशाताईंचा जन्म सांगलीचा, १९३३ चा. मोठ्या कलाकारांना कोर्टात जाता येतं, आपल्याला कागदच करावा लागेल. मसुदा मी फुकट करून देते, इथेच टाकेन.

---

ढोलकी_वाळवा | बुधवार, रात्री ८:४५

साताऱ्याच्या पोरा, पैसं नकोत असं कुणाला म्हनू नगंस. थोडं घे, पर घे. तू फुकट बसलास तर माज्या पोराला बी फुकट बसवत्यात.

---

स्टुडिओ_कऱ्हाड | गुरुवार, सकाळी १०:२०

ढोलकीवाले दादांचं वाचून रात्री झोप लागली नाही.

माझ्याकडून एवढं होईल. मंडळाचं गाणं घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आजपासून दोन दर सांगणार, एक एआयचा आणि एक माणसांचा. माणसांच्या दरात माझा हिस्सा धरणार नाही. बहुतेक जण स्वस्त घेतील हे माहीत आहे. पण आत्तापर्यंत मी दुसरा दर सांगतच नव्हतो. दादा, तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात द्या. गणपतीच्या आधी दोन गाणी आहेत, त्यातलं एक मंडळ जुन्या वळणाचं आहे, त्यांना पटेल.

---

पेटीवाला_सांगली | शनिवार, रात्री ९:४०

काल त्या बाईंकडे गेलो होतो. "आता गाणं बंद" म्हणाल्या. मी पेटी घेऊनच गेलो होतो, ती उघडली आणि काळी चारचा षड्ज धरून नुसता बसलो. चहा झाला. मग म्हणाल्या, "काळी चार आता झेपत नाही, पांढरी पाच द्या." दिली. अंतरा त्यांना सगळा आठवतो. तेव्हा घाबरल्या होत्या, एवढंच.

संयोजकांशीही बोललो. पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरत नाही म्हणाले. तोवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला माझ्या घरी बसायचं ठरवलंय. ज्यांना गायचंय त्यांनी यावं, कसंही गात असले तरी. वाजवणाऱ्याला येण्या-जाण्याचा खर्च आणि वर पाचशे रुपये. ते आम्ही तिघं जुने साथीदार मिळून घालू, वर्षभर तरी जमेल.

सातारा_तीनताल, तू पहिल्या रविवारी ये. सकाळच्या एसटीने आलास तर जेवायलाच ये. बाईंचं पद तू वाजवणार आहेस. त्या अंतऱ्याच्या आधी श्वास घेतात, मी डोळ्यांनी खूण करीन.